तापमान ३४, पण जीव कासावीस: बोळिंजला राहायला येणाऱ्यांनी दमट उन्हाळ्याबद्दल काय जाणून घ्यावं?

गावाकडे ३९-४० अंशांत दुपारी शेतावर चक्कर मारून येणारे वडील मुलाच्या नव्या फ्लॅटवर राहायला येतात. मोबाइलवर विरारचं तापमान दिसतं ३४. म्हणजे गावापेक्षा पाच-सहा अंश कमीच. तरी दुसऱ्याच दिवशी त्यांना गळून गेल्यासारखं होतं, रात्री झोप लागत नाही, अंगावर घामोळं उठतं आणि जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घरातले म्हणतात, "प्रवासाचा शीण असेल."

तो नुसता प्रवासाचा शीण नसतो. कोरड्या उष्म्याची सवय असलेलं शरीर दमट उष्म्यात आलेलं असतं आणि हे दोन्ही उन्हाळे एकसारखे नसतात.

विरार पश्चिमेचं बोळिंज हे गेल्या दहा-बारा वर्षांत अशा नव्याने येणाऱ्यांचं मोठं ठिकाण झालं आहे. म्हाडाच्या कोकण मंडळाने इथे सुमारे दहा हजार घरांचा प्रकल्प उभारला. आजूबाजूला खासगी इमारतीही वाढल्या. मुंबईत घर परवडत नाही म्हणून दादर-अंधेरीहून सरकलेली कुटुंबं इथे आहेत. नाशिक, सातारा, सांगली, कोल्हापूरहून नोकरीसाठी आलेले आहेत. नेपाळ आणि उत्तराखंडच्या डोंगराळ भागातून वॉचमनच्या, हॉटेलच्या कामाला येणारेही या पट्ट्यात दिसतात. यातल्या अनेकांनी घराचा भाव, लोकलचं अंतर आणि पाणी या तीन गोष्टींची चौकशी केलेली असते. हवेची चौकशी सहसा कोणी करत नाही.

३४ अंश हे ४० पेक्षा जड कसे?

माणसाचं शरीर स्वतःला थंड ठेवतं ते मुख्यतः घामाने. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. घाम वाळताना त्वचेतली उष्णता घेऊन जातो. हवा कोरडी असेल तर तो लगेच उडून जातो. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम अंगावरच राहतो, निथळतो, कपडे भिजवतो, पण शरीर थंड करत नाही.

हे मोजण्यासाठी हवामानशास्त्रात 'वेट बल्ब' तापमान वापरतात. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं की बाष्पीभवनामुळे पारा जितका खाली उतरतो, ते वेट बल्ब तापमान. घामाने शरीर जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

दोन दुपारींचं ढोबळ गणित मांडून पाहू.

- कोरड्या भागातली दुपार: तापमान ४० अंश, आर्द्रता २० टक्के. वेट बल्ब तापमान सुमारे २३ अंश.
- किनाऱ्यावरची दुपार: तापमान ३४ अंश, आर्द्रता ६५ टक्के. वेट बल्ब तापमान सुमारे २८ अंश.

म्हणजे तापमापकावर कमी दिसणारी किनाऱ्यावरची दुपार शरीरासाठी जास्त अवघड आहे. 'जाणवणारं तापमान' सांगणाऱ्या उष्णता निर्देशांकाने पाहिलं तर ३४ अंशांची ही दुपार ४३-४४ अंशांसारखी भासते आणि ४० अंशांची कोरडी दुपार ३८-३९ सारखी.

वेट बल्ब तापमान ३५ अंशांवर गेलं तर निरोगी माणूसही सावलीत, पंख्याखाली बसून फार तास तग धरू शकणार नाही, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडलं गेलं होतं. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग केले, तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच असल्याचं दिसलं. वृद्ध, हृदयरोगी आणि लहान मुलं यांची मर्यादा त्याहूनही खाली असणार हे उघड आहे. २८ हा आकडा या मर्यादेपासून फार लांब नाही.

रात्री का छळतात?

पुण्यात मे महिन्यात दिवसाचं सरासरी कमाल तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं, पण रात्री ते २२-२३ पर्यंत उतरतं. मुंबईच्या उपनगरांत कमाल ३३-३४ आणि किमान साधारण २७. पठारावरच्या माणसाला दिवसभर तापलेलं शरीर निववायला रात्र मिळते. किनाऱ्यावर ही सवलत फारशी नाही.

याचं कारण समुद्र आणि बाष्प. कोरडं आकाश जमिनीची उष्णता रात्री वेगाने बाहेर जाऊ देतं. बाष्पाने भरलेली हवा ती अडवून धरते. त्यात दिवसभर तापलेल्या काँक्रीटच्या भिंती रात्री घरातच उष्णता सोडतात. शेवटच्या मजल्यावर, गच्चीखाली राहणाऱ्यांना रात्री एक वाजताही छत तापलेलं जाणवतं ते यामुळेच.

झोप मोडल्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतो. रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार असणाऱ्यांना सलग आठ-दहा अशा रात्री जास्त त्रास देतात.

मग हवामान खातं इशारा देत नाही का?

देतं, पण इथे एक मेख आहे. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार उष्णतेची लाट ठरवताना सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश असावं लागतं. किनारपट्टीवर ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त वाढलेलंही असावं लागतं. 'उष्ण रात्र' जाहीर करायची तर त्या दिवशीचं कमाल तापमान ४० अंशांवर असणं गरजेचं आहे.

म्हणजे बोळिंजमध्ये ३४-३५ अंश, घामाने चिंब दिवस आणि २८ अंशांची रात्र असा आठवडा गेला तरी तांत्रिकदृष्ट्या ती ना उष्णतेची लाट, ना उष्ण रात्र. अशा वेळी हवामान विभाग 'उष्ण व दमट हवामान' असा वेगळा इशारा देतो. तो बहुतेकदा पिवळ्या रंगाचा असतो आणि लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. नव्याने आलेल्या माणसाने मात्र हा पिवळा इशाराही मनावर घ्यायला हवा.

आणखी एक गोष्ट. बातम्यांत सांगितलं जाणारं तापमान बहुधा सांताक्रूझ किंवा कुलाबा केंद्राचं असतं. पालघर जिल्ह्यासाठी डहाणू केंद्राची नोंद दिली जाते. मोबाइलवर 'विरार' म्हणून दिसणारा आकडा बहुतेक वेळा संगणकीय अंदाज असतो. शिवाय केंद्रावरचं तापमान सावलीत, मोकळ्या जागेत मोजलेलं असतं. स्टेशनबाहेरच्या रिक्षास्टँडवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ते यापेक्षा बरंच जास्त असू शकतं.

उन्हाळा नेमका कधी असतो?

पठारावर एप्रिल-मे म्हणजे उन्हाळा. किनाऱ्यावर तो दोनदा येतो.

पहिला मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. यात दोन प्रकारचे दिवस असतात. मार्च-एप्रिलमध्ये कधीकधी जमिनीवरून येणारे पूर्वेचे कोरडे, गरम वारे जोर धरतात. एरवी सकाळी उशिरा समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि तापमान आवरतं. पूर्वेच्या वाऱ्यांमुळे ते दुपारी उशिरापर्यंत आलेच नाहीत, तर पारा ३८-३९ वर जातो. १६ एप्रिल २०२४ रोजी सांताक्रूझला ३९.७ अंशांची नोंद झाली. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे एरवी थंडी नुकती सरते त्या दिवसांत, तिथे ३८.७ अंश नोंदले गेले. मुंबईचा मार्चमधला ४१.७ अंशांचा विक्रम २८ मार्च १९५६ चा आहे. म्हणजे असे दिवस पूर्वीही येत होते. आता त्यांची वेळ अलीकडे सरकते आहे.

मे महिन्यात आकडा कमी दिसतो, पण बाष्प वाढतं. पाऊस तोंडावर आलेला, आभाळ भरलेलं, वारा पडलेला, असे मेअखेरचे दिवस सगळ्यात घुसमटीचे.

दुसरा उन्हाळा ऑक्टोबरचा. मान्सून साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास मुंबई परिसरातून माघार घेतो. जमिनीत ओल असते, आकाश निरभ्र होतं, ऊन कडक लागतं. गणपती-नवरात्र आटोपून दिवाळीत नव्या घरात राहायला येणाऱ्यांचं स्वागत बहुधा हीच 'ऑक्टोबर हीट' करते.

शरीराला सवय किती दिवसांत होते?

निरोगी माणसाला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात शरीरात खरेखुरे बदल होतात. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून जाणारं मीठ कमी होतं. हृदयाला त्याच कामासाठी कमी ठोके लागतात. मात्र दिवसभर एसीत बसून ही सवय होत नाही. रोज थोडा वेळ उष्म्यात हालचाल करावी लागते. चार-सहा आठवडे थंड भागात राहून परतलं तर सवय बऱ्यापैकी मोडलेली असते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांसाठी हे पहिले दिवस धोक्याचे असतात. अमेरिकेत उष्म्याने झालेल्या कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला तेव्हा घराबाहेर काम करणाऱ्यांचे निम्म्याहून अधिक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतच झाल्याचं आढळलं. म्हणून तिथली कामगार-सुरक्षा यंत्रणा साधा नियम सांगते. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी नेहमीच्या २० टक्केच काम द्यावं आणि मग रोज २० टक्क्यांनी वाढवत न्यावं.

आपल्याकडे बांधकामावर, सोसायटीच्या गेटवर किंवा डिलिव्हरीच्या दुचाकीवर रुजू होणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी करावी लागते. डोंगरातून आलेला तरुण वॉचमन धडधाकट दिसतो, म्हणून त्याला उन्हात उभं केलं जातं. ताकद आणि सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोसायटीच्या समितीला यात काही करता येण्यासारखं आहे. चौकीला सावली आणि पंखा, प्यायचं पाणी आणि पहिले पंधरा दिवस दुपारची पाळी टाळणं, एवढं केलं तरी पुष्कळ.

गावाकडची कोणती युक्ती इथे चालत नाही?

सगळ्यात आधी कूलर. नाशिक, मराठवाडा, विदर्भात कूलर उन्हाळ्याचा आधार असतो. सामानासोबत तो बोळिंजलाही येतो. पण कूलर चालतो बाष्पीभवनावर. हवेत आधीच ओल असताना तो गारवा देत नाही, उलट खोलीत बाष्प वाढवतो आणि घाम आणखी चिकट होतो. वाळ्याचे ओले पडदे, खिडकीला ओली चादर यांचंही तेच. माठातलं पाणीसुद्धा इथे गावाइतकं गार होत नाही. माठात काही बिघाड नसतो, हवाच कोरडी नसते.

दुसरी सवय म्हणजे दुपारी दारं-खिडक्या बंद करून अंधार करणं. कोरड्या, लू वाहणाऱ्या भागात ती बरोबर आहे. किनाऱ्यावर पश्चिमेचा वारा सुटला की समोरासमोरच्या खिडक्या उघडून तो घरातून खेळू देणं जास्त उपयोगाचं. ऊन थेट आत येणाऱ्या खिडकीला मात्र पडदा हवाच, आणि तो शक्यतो बाहेरच्या बाजूने.

पंखा इथे खरा मित्र आहे. हवा ३५ अंशांपर्यंत असेल आणि घाम येत असेल तर पंख्याचा वारा घाम वाळायला मदत करतो. अंगावर ओलं फडकं फिरवून पंख्याखाली बसलं तर आणखी बरं वाटतं. पारा ४० च्या घरात गेला तर मात्र नुसत्या पंख्यावर विसंबू नये, तो गरम हवाच अंगावर मारतो.

एसी घ्यायचा तर वीजबिलाचा हिशोब आधी करावा. मुंबईतून येणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की इथे वीज महावितरणची आहे आणि तिचे दर टप्प्यांनी वाढतात. पहिली १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर ढोबळमानाने सहा ते दहा युनिट, म्हणजे महिन्याला दोनशे-तीनशे युनिट खातो. घरातला बाकीचा वापर धरला तर बिल सहज वरच्या टप्प्यात जातं. तापमान १८ वर न ठेवता २४ ते २६ वर ठेवावं आणि सोबत पंखा मंद चालवावा. एसीत 'ड्राय' मोड असेल तर दमट पण फार गरम नसलेल्या रात्री तो कमी खर्चात आराम देतो. जुन्या इमारतीत एसी लावण्याआधी वायरिंग आणि मीटरचा भार तपासून घेणं गरजेचं.

पाण्याचं काय?

उष्म्यात पाणी ही चैन नाही. दोन वेळा अंघोळ, घामाचे कपडे रोज धुणं आणि जास्त पिणं, असा इथला उन्हाळ्यातला वापर पठारापेक्षा वाढतो. आणि बोळिंजचा इतिहास नेमका पाण्याचाच आहे.

म्हाडाच्या इथल्या हजारो घरांना वर्षानुवर्षं ग्राहक मिळत नव्हते. पाच हजारांहून जास्त घरं रिकामी पडून होती. सोडत पुन्हा पुन्हा काढूनही ती विकली गेली नाहीत, तेव्हा 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' योजना आणावी लागली. पाण्याची टंचाई हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. वसई-विरार शहराची तहान तेव्हा मुख्यतः सूर्या धरण आणि त्याच्या जोडीला उसगाव, पेल्हार यांवर भागत होती. एकूण पाणी दिवसाला सुमारे २३ कोटी लिटर. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती आणि त्यानंतर ती वाढतच गेली.

एमएमआरडीएच्या सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेतून वसई-विरारला दिवसाला आणखी साडेअठरा कोटी लिटर पाणी मिळायचं ठरलं. या योजनेचा पहिला टप्पा २०२३ च्या अखेरीस सुरू झाला आणि म्हाडाच्या वसाहतीचा प्रश्न बराच सुटला. रिकाम्या घरांना ग्राहक मिळू लागले ते त्यानंतर.

तरी शहराला पाणी मिळालं म्हणजे प्रत्येक इमारतीला मिळालं असं नाही. घर पाहायला जाल तेव्हा दिवाळीतली परिस्थिती विचारू नका, मे महिन्यातली विचारा. पालिकेची जोडणी आहे का, पाणी किती वेळ येतं, टँकर किती लागतात आणि त्याचा खर्च मासिक देखभालीत धरलेला आहे का? समुद्र जवळ असल्याने काही भागात बोअरवेलचं पाणी खारट लागतं. ते पिण्यासाठी वापरलं जातं का, हेही विचारावं.

घर निवडताना हवेसाठी काय पाहावं?

- समोरासमोर किंवा लगतच्या दोन भिंतींना खिडक्या आहेत का? एकाच बाजूला खिडक्या असलेल्या घरात वारा खेळत नाही.
- पश्चिमेची भिंत उघडी आहे का? दुपारचं ऊन तिच्यावर पडतं आणि रात्री ती खोली तापवते. पण वाराही पश्चिमेकडूनच येतो. म्हणून पश्चिमेची खिडकी असावी, तिच्यावर छज्जा असावा.
- शेवटचा मजला असेल तर गच्चीवर उष्णतारोधक थर किंवा पांढरा परावर्तक रंग आहे का? सोसायटीने एकदा खर्च केला तर वरच्या मजल्यावरच्यांना दर उन्हाळ्यात फरक पडतो.
- शक्य असेल तर घर दुपारी तीन वाजता पाहा. दलाल सकाळी घर दाखवतो, तेव्हा सगळीच घरं हवेशीर वाटतात.

हवेइतकंच महत्त्वाचं म्हणजे इमारत अधिकृत आहे का. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला एक अनधिकृत इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात आरक्षित जागेवरच्या ४१ बेकायदा इमारती पाडल्या गेल्या आणि शेकडो कुटुंबं रस्त्यावर आली. बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि महारेराची नोंदणी पाहिल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये.

पावसाळा आणि ओलीचे त्रास

उन्हाळ्यानंतर सुटका होते ती पावसात, पण तोही पठारासारखा नाही. मुंबई उपनगरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात वर्षभरात मिळून साधारण ७०० मिलिमीटर. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारचे मोठे भाग काही दिवस पाण्याखाली होते, नालासोपारा स्टेशनात रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडली होती आणि मिठागरातल्या कुटुंबांना बाहेर काढावं लागलं होतं. म्हणून तळमजल्यावरचं घर घेताना त्या वर्षी तिथे पाणी कुठवर आलं होतं, हे शेजाऱ्यांना विचारून घ्यावं.

ओल घरातही शिरते. कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंवर बुरशी येते, कडधान्याला कीड लागते, लोखंडी कपाट आणि सायकल गंजते. गावाहून आणलेलं वर्षभराचं धान्य इथे टिकत नाही. ते महिन्या-दोन महिन्यांपुरतंच आणावं. रात्रीचं उरलेलं सकाळपर्यंत ओट्यावर ठेवलं तर आंबतं. जांघेत, काखेत नायटा होणं ही नवख्यांची नेहमीची तक्रार. त्यावर सैल सुती कपडे, अंग कोरडं ठेवणं आणि वेळेवर डॉक्टर हे उपाय आहेत. दुकानातून मनाने आणलेलं स्टेरॉइडचं मलम नायटा दाबतं आणि मग वाढवतं.

त्रास कुठवर साधा आणि कुठून धोक्याचा?

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानात तासन् तास बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या दिवशीचं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. विदर्भाच्या हिशोबाने हा किरकोळ आकडा. पण सोहळ्याला राज्यभरातून लोक आले होते, हवा किनाऱ्याची होती आणि डोक्यावर सावली नव्हती. 'आम्हाला उन्हाची सवय आहे' हा भरवसा किनाऱ्यावर किती तोकडा पडू शकतो, हे त्या दिवशी दिसलं.

घामोळं, थकवा, पायात गोळे येणं हे सुरुवातीचे इशारे. सावलीत बसावं, ओआरएस किंवा मीठ-साखरेचं लिंबूपाणी घ्यावं, ताक प्यावं. खूप घाम, मळमळ, डोकेदुखी, चक्कर असेल तर काम पूर्ण थांबवावं.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, फिट आली किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात आहे असं समजून १०८ ला फोन करावा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नये. दमट हवेत आणि मेहनत करणाऱ्यांत अंग घामाने भिजलेलं असतानाही उष्माघात होतो. रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतावं, पंख्याने वारा घालावा, मान, काख आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. क्रोसिनसारखी तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

रक्तदाबाच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि काही मानसोपचाराची औषधं घेणाऱ्यांना उष्मा जास्त बाधतो. गावाहून आई-वडील येणार असतील तर त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावी. गोळी मनाने बंद करू नये. इन्सुलिन फ्रिजमध्येच ठेवावं आणि लोकलच्या प्रवासात थंड पिशवीतून न्यावं.

चर्चगेट ते विरार हे अंतर ६० किलोमीटरचं आहे. गर्दीच्या डब्यात सव्वा-दीड तास उभं राहणं हे उष्म्याच्या दृष्टीने अंगमेहनतीचंच काम. सकाळी उपाशीपोटी निघू नये, बाटली सोबत असावी आणि चक्कर वाटली तर पुढच्या स्टेशनला उतरून बसावं. पुढची लोकल येतेच.

इथले जुने लोक कसे राहत होते?

बोळिंज, आगाशी, उमराळे, नंदाखाल हा मूळचा वाड्यांचा पट्टा. केळी, पानवेली, फुलं आणि माडांच्या सावलीत कौलारू घरं. पुढे ओसरी, मागे विहीर. आगाशीची सुकेळी याच वाड्यांतली. गावागावांत 'बावखलं' होती. ही गोड्या पाण्याची छोटी तळी पावसाचं पाणी धरून ठेवत आणि भोवतालच्या विहिरी जिवंत ठेवत. त्या सावलीने आणि पाण्याने हवाही जरा निवलेली असे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस हा हिरवा पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला आणि टँकर वसईचं पाणी उपसून नेऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. झाडं आणि विहिरी गेल्या तर इथे राहणं अवघड होईल, हा त्यांचा मुद्दा होता. आज बुजवलेली बावखलं पुन्हा खणून काढण्यासाठी, उरलेली वाचवण्यासाठी स्थानिक लोक धडपडतात, ते याच कारणाने.

नव्याने आलेल्यांचा याच्याशी थेट संबंध आहे. इमारतीखालचं झाड पार्किंगसाठी तोडलं की पहिल्या दोन-तीन मजल्यांच्या खिडक्यांची सावली जाते आणि त्या घरांत एसी येतो. एसीची गरम हवा वरच्या घराच्या खिडकीत जाते. मग तिथेही एसी येतो.

पहिल्या पंधरा दिवसांत काय करावं?

शक्य असेल तर राहायला येण्यासाठी डिसेंबर-जानेवारी निवडावा, म्हणजे शरीर उन्हाळ्यासोबत हळूहळू सरावतं. एप्रिल-मेमध्येच यावं लागलं तर सामान हलवण्याचं काम सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी करावं. पहिले दोन आठवडे व्यायाम आणि दगदग निम्म्यावर आणावी. लघवीचा रंग गडद दिसला की पाणी वाढवावं. कूलर गावाकडेच ठेवावा.

आणि वडील म्हणाले की "इथलं ऊन काहीच नाही, मला सवय आहे", तर त्यांना दुपारी एकटं भाजी आणायला पाठवू नये. संध्याकाळी वारा सुटल्यावर सोबत जावं.